गळ्यातली नळी आणि डोक्यावरचा पदर

प्रिय काकू,

आज घरात माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून तुझ्याशी बोलायला बसले आहे. आई चुलीपाशी भांडी आपटते आहे. काका बैलांना पाणी पाजायचं निमित्त काढून बाहेर गेले. आणि बाबा दुपारचं न जेवता मळ्यात निघून गेले. ते उपाशी गेले ते माझ्यामुळे, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तू तरी नीट ऐकून घे.

तू गेल्यावर दादाचं लग्न झालं. मुलगी सोनाळ्याची, कमल नावाची. नात्यानं माझी वहिनी, पण वयानं माझ्याहून लहान. हसायच्या आधीच तोंडावर हात नेते. आज बाबा जेवायला पाटावर बसले होते, वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, पदर पार हनुवटीपर्यंत ओढून. मी उंबऱ्यापाशी मेथी निवडत होते.

"ताई," ती कुजबुजली, "मामाजीले इचारा ना, भाकर ज्वारीची वाढू का बाजरीची?"

"वहिनी, मामाजी समोरच बसून हायेत. तूच इचार."

"अवं बाई! मी कशी इचारू?"

"तोंडानं."

बाबांना सगळं ऐकू जात होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "इंदू, तिले सांग, कोन्तीबी चालते."

"तिले आलं आयकू, बाबा."

"तरी सांग."

"मी नाही सांगत."

मग काय झालं असेल, काकू? काहीच नाही! दाराआड ती भाकरी घेऊन उभी, दाराबाहेर बाबा रिकाम्या ताटासमोर बसलेले. माणसं दोन, मध्ये एक चौकट. शेवटी बाबा उठले, डोक्याला मुंडासं गुंडाळलं आणि गेले. वहिनी रडायला लागली. आई माझ्यावर धावून आली.

"येवढी वर्सं तुह्या काकूचे निरोप नेले तवा जिभेले काटे नव्हते वाटते! आता लय शायनी झाली." आणि मग वहिनीकडे वळून, डोळे पुसत, "पोरी, तुही चुलतसासू पाह्यली असती तू! जीव गेला, पन पदर नाही ढळू देल्ला तिनं. असी होती ते."

तिथे माझं डोकं फिरलं, काकू. मी मेथीची जुडी तशीच टाकून इथे माळ्यावर येऊन बसले.

हे वाक्य मी वर्षभर ऐकते आहे. तुझ्या तेराव्याला ऐकलं, दादाच्या लग्नात ऐकलं, विहिरीवर ऐकलं. तुझ्या माहेरचे साखरखेर्ड्याहून आले तेव्हा तेही मान हलवत हेच म्हणाले. आता परवा तुझं वर्षश्राद्ध आहे. तेव्हा साऱ्या उंद्रीतल्या बायका येतील, आणि नव्या सुनेला समोर बसवून पुन्हा हेच सांगतील. तिनं तुझ्यासारखं व्हावं म्हणून! तुझ्यासारखं म्हणजे कसं? मेलेलं?

रागावू नकोस. की रागाव! निदान तू रागावलीस तर मला कोणी उत्तर दिलं असं तरी होईल.

तुला आठवतं, मला शाळेत घालायच्या आधी तू मला घरीच शिकवायचीस? बाजारातून हळद-मसाल्याला गुंडाळून आलेले वर्तमानपत्राचे तुकडे तू चुलीपाशी सरळ करून ठेवायचीस. तुझ्या बोलण्यात 'मला, तुला' असायचं, आमचं 'मले, तुले'. आई तुला चिडवायची, "आली बाई जालन्याकडची पंडितीन!" आणि तू म्हणायचीस, "बोलताना काय पण बोला, लिहिताना माझ्यासारखं लिहा." म्हणून हे पत्र मी तुझ्या भाषेत लिहिते आहे. चूक सापडली की तू खाली रेघ मारायचीस, त्या रेघेची मला अजून भीती वाटते.

आणि नकाशाचं आठवतं? नवीन राज्य झालं तेव्हाचं? माझ्या जुन्या भूगोलात आपला जिल्हा मध्यप्रांतात होता. मी घाबरत विचारलं होतं, पुस्तकात आहे ते कसं खोडायचं? तू निळी पेन्सिल माझ्या हातात दिलीस. "पुस्तक बदलायचं तेव्हा बदलेल. आपण आत्ताच बदलू." मी सीमा खोडली आणि महाराष्ट्राची नवी ओढली. छापलेलं खोडायला शिकवणारी बाई तू! मग पदराचं तेवढं का नाही खोडलंस?

बाबा तुझे भासरे, थोरले दीर. म्हणजे त्यांच्यासमोर पदर, त्यांच्याशी बोलणं नाही, त्यांच्या अंगणातल्या सावलीवरसुद्धा पाय नाही. लहानपणी मला याची गंमत वाटायची. "इंदू, बाबांना सांग, मिरचीवर कीड आलीय." "इंदू, तिले सांग, राख टाक म्हना." दोघं एकाच ओसरीवर आणि मी मध्ये उड्या मारत! मला वाटायचं, मी घरातली केवढी मोठी माणूस. माझ्याशिवाय मिरचीसुद्धा वाचत नाही.

पण त्या पदरानं काय केलं ते आई वहिनीला सांगत नाही. तुझी दाढ दुखत होती. तू लवंग धरून राहिलीस. गाल सुजला, मग जबड्याखाली सूज उतरली, आणि आम्हाला कोणाला दिसली नाही, कारण दिवसभर बाबा ओसरीवर असायचे आणि तू दिवसभर पदरात. जेव्हा तुला थुंकीसुद्धा गिळवेना तेव्हा आईनं पदर मागे सारला आणि ती किंचाळली. मान केवढी झाली होती! श्वास घेताना घशातून घरघर आवाज येत होता.

बाबांचं मला वाईट लिहायचं नाही. खरं आहे तेवढंच लिहीन. त्या दिवशी सगळ्यांत जास्त धावले ते बाबाच. काका तर नुसते तुझ्या पायाशी बसून राहिले होते. बाबा रस्त्यापर्यंत पळत गेले, कापसाच्या गाठींचा ट्रक आडवं उभं राहून थांबवला, आणि तुला मागे नीट झोपता यावं, पदर काढून श्वास घेता यावा, म्हणून स्वतः पुढे ड्रायव्हरजवळ बसले. एकदाही मागे वळून बघितलं नाही. तेव्हा मला ते फार चांगलं वाटलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी गळ्याला खालच्या बाजूला भोक पाडून त्यात चांदीची वाकडी नळी बसवली. आम्हाला बाहेर येऊन समजावलं, "नाकातोंडाचा रस्ता सुजेनं बंद झालाय. सध्या हा एकच दरवाजा उघडा आहे. सूज उतरली की नळी काढू, भोक आपोआप भरेल. बाई वाचतील." हेच शब्द. बाई वाचतील. मी मनात शंभरदा घोकले.

तुला सिस्टरांच्या टेबलाजवळच्या खोलीत ठेवलं, जिथे नेहमी कोणाची तरी नजर असे. तुझे हात पट्टीनं खाटेला बांधले तेव्हा आई भांडायला उठली. "जित्या मानसाचे हात बांधता? काऊन?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मावशी, शुद्धीवर आलेला माणूस पहिल्यांदा नळीलाच हात घालतो. शहाणे-वेडे सगळे. गळ्यात काहीतरी अडकलंय एवढंच कळतं, त्यानंच आपण जगतोय हे नाही कळत."

पण तुला कळलं होतं. म्हणून तर मला राग येतो! शुद्धीवर आल्यावर मी तुला सगळं समजावलं आणि तू डोळ्यांनी हो म्हणालीस. तुझ्या तोंडून आवाज निघत नव्हता, श्वास सगळा नळीतून जायचा, शिट्टीसारखा. मी शेजारच्या खाटेवरच्या मुलीची पाटी मागून आणली. मी जवळ असेन तेव्हा उजवा हात सोडायची परवानगी सिस्टरांनी दिली. तू पहिलं काय लिहिलंस? 'वांगी तोडली का?'

दुसरं लिहिलंस, 'तुझी वेणी वाकडी.'

तिसरं, 'सिस्टरच्या टोपीला कांजी फार.' आणि सिस्टर मागून वाचत होत्या! "मला वाचता येतं हो बाई," त्या म्हणाल्या, आणि तू अशी हसलीस की नळी शिट्ट्या मारायला लागली. खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. सूज उतरत होती. डॉक्टर म्हणाले होते, आठवड्याभरात नळी काढू. काकू, तू वाचली होतीस! हे कोणीच का सांगत नाही?

आणि एवढे दिवस बाबा कुठे होते? दाराबाहेर, व्हरांड्यात. रोज उंद्रीहून यायचे, दाराशी उभे राहायचे आणि मला विचारायचे, "कसी हाय म्हना?" मी आत येऊन विचारायची, तू पाटीवर लिहायचीस 'बरी', मी बाहेर जाऊन सांगायची. दवाखान्यातसुद्धा मी निरोप वाहत होते!

त्या दिवशी काका औषध आणायला बाजारात गेले होते. सिस्टर ट्रे घेऊन येत होत्या आणि बाबा दारात.

"अहो बाबा, रोज माझी वाट काय अडवता? आत जा की! तुमचीच माणसं आहेत."

"नाही नाही, बाई. मी अठीच बरा हाव."

"अठीच-बिठीच काही नाही, चला." आणि त्या भल्या बाईनं बाबांना हाताला धरून आत आणलं, तुझ्या उजव्या अंगाला उभं केलं, आणि दुसऱ्या खोलीत निघून गेली. तिला काय ठाऊक की तिनं काय केलं? तिच्या गावाला भासरे नसतील का? की असले तरी माणसांसारखे बोलत असतील?

बाबांच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. नजर जमिनीला. तू डोळे उघडलेस आणि ते दिसले.

तुझा चेहरा मी विसरू शकत नाही. केस मोकळे, मान उघडी, गळ्यात ते भोक, आणि समोर भासरे! तुझा मोकळा हात पाटीवरून उठला आणि पाठीखाली दबलेला पदर ओढायला लागला. मी म्हणत होते, "राहू दे, काकू, राहू दे." तू जोर लावलास. पदर सुटला, तू तो डोक्यावरून खाली खेचलास, आणि त्याचा काठ नळी गळ्याभोवती बांधलेल्या नाडीत अडकला. नळी आतल्या आत हलली. शिट्टी थांबली. तुला ठसका आला, पण तो बाहेर पडेना. मग तुझा हात पदराच्या आत गेला आणि जे हाताला लागलं ते सगळं तू ओढलंस. नाडी, नळी, सगळं.

मी डाव्या बाजूला होते. मी तुझ्यावर आडवी पडले, पण हात मला पुरेना. बाबा त्या हाताच्या अगदी जवळ होते. मी ओरडले, "बाबा, हात धरा तिचा! हात धरा!"

आणि बाबा कुठे बघत होते, काकू? भिंतीकडे! तू पदर शोधायला लागलीस तेव्हाच त्यांनी तुझ्याकडे पाठ केली होती. तुला लाज वाटू नये म्हणून! मी ओरडल्यावर ते अर्धे वळले, हात पुढे आला, आणि हवेत थांबला. मी पाहिला तो हात. धाकट्या भावाच्या बायकोला हात लावायचा नाही, हे त्या हाताला माहीत होतं. मग ते "सिस्टर! सिस्टर!" ओरडत बाहेर पळाले.

सिस्टर धावत आल्या. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमधून धावत आले. पण ते भोक नवीन होतं, नळी निघाल्यावर मिटून गेलं, आणि वरचा रस्ता अजून पुरता उघडला नव्हता. त्यांनी फार खटपट केली. मी सगळी पाहिली.

नंतर डॉक्टर रागानं कोणाला तरी म्हणाले, "पेशंटनं स्वतःच नळी काढली." स्वतःच! काकू, हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. हात तुझा होता, हे मी नाकारत नाही. खोटं मला लिहायचं नाही. पण तू स्वतः काढलीस असं मी कसं म्हणू? जगायचं होतं तुला. तुला वांग्यांची काळजी होती, माझ्या वेणीची होती. मरायला निघालेलं माणूस टोपीची कांजी बघतं का?

आणि आपल्या गावानं त्याचं काय केलं? लाजेपायी जीव दिला म्हणे! तू दिला नाहीस, तो गेला. गुदमरून गेला, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या खोलीत, आणि हात धरायला एक माणूस जवळ उभं असताना. यात कौतुक कसलं? हे बायका विहिरीवर सांगतात तेव्हा मला पोहरा फेकून द्यावासा वाटतो.

पण तुझाही मला राग आहे. एकदा तरी, काकू! इतक्या वर्षांत एकदा तरी बाबांना "पाणी हवं का?" असं सरळ विचारलं असतंस, तर त्या दिवशी तुझा हात इतका घाबरला असता का? की मी उगाच तुला बोल लावते आहे? मला कळत नाही. मी हे वाक्य दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं.

आत्ता कमल वहिनी वर आली होती. पाण्याचा तांब्या ठेवला आणि उभी राहिली. मला वाटलं, बरं वाटलं असेल तिला की मी तिच्या बाजूनं भांडले. ती म्हणाली, "ताई, उद्या तरी सांगान ना मामाजीले? मले लय भेव वाटते."

"कायचं भेव? बाबा वाईट हायेत का?"

"वाईट नाहीत म्हनून तं! उपासी गेले ना माह्यापाई." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुम्ही म्हनता तूच बोल. मी नवी हाव. मी आगुदर बोलली तं सारं गाव मले बेशरम म्हनीन. मामाजी बोलले तं त्याहिले कोन काय म्हनीन?"

आणि ती खाली गेली. तशीच, पदर सावरत.

अगं, ही काल आलेली मुलगी बरोबर बोलली! मी दुपारपासून कोणावर चिडले होते? तिच्यावर. वर्षभर कोणावर चिडते आहे? तुझ्यावर. बायकांवर, आईवर, विहिरीवरच्या तोंडांवर. जिला बोलता येत नाही तिला मी म्हणत होते बोल. जिचे हात रीतीनं बांधलेले होते तिला विचारत होते, हात का हलवलास. आणि ज्या माणसानं एक शब्द काढला तर कोणी काही म्हणणार नाही, एक हात पुढे केला तर कोणी बोट दाखवणार नाही, त्याला मी काही विचारलंच नाही. कारण ते बाबा आहेत. कारण ते चांगले आहेत. कारण बायका तुझं कौतुक सुरू करतात तेव्हा ते उठून गोठ्यात जातात आणि कितीतरी वेळ येत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

म्हणजे आपलं काय चुकलं ते त्यांना माहीत आहे, काकू. नुसतं कोणी त्यांना तोंडावर म्हटलेलं नाही.

मला बाबांसमोर मोठ्यानं बोलायची सवय नाही. त्यांना किती लागेल? ते जेवतील का? परवा श्राद्धाला त्यांना सगळ्यांसमोर बसवेल का? हे सगळे विचार येऊन गेले, आणि तरीही मी तुला वचन देते.

उद्या सकाळी मी त्यांच्यासोबत मळ्यात जाईन. मिरचीच्या वाफ्यांना पाणी देताना, कोणी ऐकायला नसताना, त्यांना सांगेन: बाबा, तुम्ही त्या दिवशी तिचा हात धरायला हवा होता. धरला असता तर कोणतंही पाप लागलं नसतं. काकूचा हात आता धरता येत नाही. पण घरात एक पोरगी भाकरी घेऊन दाराआड उभी आहे, तिला तुम्ही आधी हाक मारा. नाव घेऊन. श्राद्धाला बायका जमतील त्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तिनं पदर घेतला तर घेऊ दे, पण तुम्ही भिंतीकडे तोंड करू नका.

मी रडेन, शब्द मागेपुढे होतील, कदाचित बाबा मध्येच उठून जातील. गेले तर मी वाफ्यातून मागे मागे जाईन आणि पुरतं सांगेन. एक शब्द गाळणार नाही.

तुझी,
इंदू